चिकूला घेऊन युरोपात

लेक-जावई म्युनिकला असतात. "आई, या खेपेला चांगले दोन महिने राहायला या," हे लेकीचं दर वर्षीचं. आणि दर वर्षी आमचं घोडं अडायचं ते चिकूपाशी. चिकू आमची गावठी कुत्री. नाशकात गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत भर पावसात जिन्याखाली सापडलेलं पिल्लू, आता घरातलंच माणूस. एकदा केरळला जाताना तिला बोर्डिंगमध्ये ठेवलं होतं. तिथल्या पोरांनी मनापासून केलं, पण तिने अन्नाला तोंड लावलं नाही. परत आलो तेव्हा तिच्या बरगड्या दिसत होत्या. तेव्हाच आम्ही दोघांनी ठरवलं, लांबच्या मुक्कामाला जायचं तर ती बरोबर हवी.

आम्ही २०२४ च्या सप्टेंबरात गेलो. आल्यापासून सोसायटीत, बागेत, डॉक्टरांच्या दवाखान्यात जो तो विचारतो, की कुत्रा परदेशात नेता येतो का? येतो. मात्र पैसे टाकून आठ दिवसांत उरकणारं हे काम नाही. यात सगळा खेळ क्रमाचा आणि तारखांचा आहे. एक गोष्ट दुसरीच्या आधी झाली पाहिजे, दोन गोष्टींमध्ये ठरलेलं अंतर पाहिजे, आणि ते अंतर कुणाच्याही ओळखीने कमी होत नाही. आमच्या वेळचे नियम कसे होते ते सांगते.

युरोपियन युनियनने पाळीव प्राण्यांसाठी २०१३ साली नियम केले. त्यात रेबीजच्या दृष्टीने विश्वासाच्या देशांची यादी आहे आणि आपला देश तिच्यात नाही. यादीतल्या देशातून कुत्रा आणणं सोपं, यादीबाहेरून आणणाऱ्याला रक्ताची जादा तपासणी. मला हा जाच वाटला नाही. जगात रेबीजने जी माणसं दगावतात त्यांतली सुमारे ३६ टक्के भारतात, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. जर्मनीत २००८ पासून कुत्र्या-कोल्ह्यांमधला रेबीज संपलेला आहे. ज्यांनी जंगलातल्या कोल्ह्यांसाठी लस घातलेली आमिषं वर्षानुवर्षं टाकून हा रोग हटवला, त्यांनी दारात खात्री करून घेणं रास्तच आहे.

पहिली पायरी चिपची. तांदळाच्या दाण्याएवढी चिप मानेजवळ कातडीखाली सुईने सोडतात. तिच्यात १५ आकडी नंबर असतो, आणि ती आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची असावी लागते, म्हणजे तिकडच्या विमानतळावरच्या यंत्राला वाचता येते. चिकूला लहानपणापासून दर वर्षी रेबीजची लस दिलेली होती, पुस्तकात सगळे स्टिकर नीट लावलेले. पण चिपच्या आधीची लस युरोपच्या हिशेबात धरतच नाहीत. आमचे डॉक्टर म्हणाले, "काकू, पुस्तक कोणत्याही कुत्र्याचं दाखवता येतं. चिप मात्र तिच्या अंगातलीच असते." म्हणून फेब्रुवारीत त्यांनी आधी चिप सोडली, स्कॅनर फिरवून नंबर वाचला, मला मोठ्याने वाचून दाखवायला लावला, पुस्तकात लिहिला आणि मगच लस टोचली. लसीच्या बाटलीवरचा स्टिकर, बॅच नंबर, तारीख आणि लस कधीपर्यंत चालेल ती तारीख, सगळं त्याच पानावर. पुढे मुंबईत आणि फ्रँकफर्टला प्रत्येकाने हेच पान उघडलं.

लसीनंतर किमान ३० दिवस थांबून रक्त घ्यायचं. रेबीजविरुद्ध अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार झाली का, हे त्यातून पाहतात. मिलिलिटरमागे ०.५ आंतरराष्ट्रीय एकक एवढं प्रमाण तरी भरावं लागतं, आणि तपासणी युरोपने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच व्हायला हवी. आमचं रक्त नाशकातच काढलं. डॉक्टरांनी सिरम वेगळं केलं, नळीवर चिपचा नंबर लिहिला, बर्फाच्या पिशव्यांमध्ये डबा बंद केला आणि हे स्वतः पहाटेच्या गाडीने तो मुंबईला एजंटकडे देऊन आले. तिथून तो परदेशी गेला. एजंटचे पैसे या एका कामासाठी मी आनंदाने दिले, कारण रक्ताचा नमुना परदेशात पाठवायची कागदपत्रं घरी बसून जमवण्यासारखी नाहीत. बाकी सगळं मात्र आम्ही स्वतः केलं आणि ते कुणालाही जमेल.

निकाल चांगला आला. पण निकाल हाती आला म्हणून निघता येत नाही. रक्त काढल्याच्या दिवसापासून पूर्ण तीन महिने थांबावं लागतं. कारण सरळ आहे. कुत्र्याला लस घेण्याआधीच रेबीज झालेलं जनावर चावलं असेल तर तो रोग सहसा या काळात बाहेर पडतो. चिप, लस, तीस दिवस, रक्त, तीन महिने अशी बेरीज केली की चार-साडेचार महिने होतात, आणि निकाल उशिरा आला किंवा प्रमाण कमी भरलं तर आणखी. म्हणून मी विचारणाऱ्याला आधी सहा महिने मागे मोजायला सांगते.

हा थांबायचा काळ आम्ही क्रेटची, म्हणजे प्रवासाच्या पिंजऱ्याची, सवय करण्यात घातला. माझ्या मते सगळ्या तयारीत सर्वांत मोलाचं काम हेच, आणि लोक नेमकं तेच शेवटच्या आठवड्यावर टाकतात. चिकू सोळा किलोची. केबिनमध्ये माणसाबरोबर बसणारी कुत्री पिशवीसकट आठ किलोच्या आसपास असावी लागतात, म्हणजे चिकूला विमानाच्या पोटातल्या, हवा-तापमान राखलेल्या भागातूनच जायचं होतं. त्यासाठीच्या क्रेटचं माप विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत दिलेलं आहे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीची निम्मी, एवढी क्रेटची लांबी. खांद्याच्या रुंदीची दुप्पट, एवढी रुंदी. उभं राहिल्यावर कानाच्या टोकापर्यंतची उंची आणि वर अंथरुणाची जाडी, एवढी उंची. शिंप्याची टेप घेऊन आम्ही तिला भिंतीशी उभं केलं. चिकूचे कान ताठ, त्यामुळे उंचीत आमचा क्रेट एक नंबर मोठा निघाला. तिला आत उभं राहता, बसता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे, हीच त्यातली खरी कसोटी. क्रेटबरोबर प्लॅस्टिकच्या खिट्या आल्या होत्या. त्या काढून यांनी भद्रकालीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी नट-बोल्ट आणून चारी बाजूंनी आवळले, कारण सामान चढवता-उतरवताना खिटी निघाली तर कुत्रं धावपट्टीवर मोकळं सुटतं.

क्रेट हॉलमध्ये सोफ्याशेजारी ठेवला, दार काढून. पहिले काही दिवस ती त्याच्याकडे बघायचीही नाही. मग तिचा दहीभात आत ठेवायला लागलो, आधी उंबऱ्यापाशी, मग मधोमध, मग अगदी मागे. उन्हाळा चढला तशी ती दुपारी आपणहून आत जाऊन झोपायला लागली. मग दार बसवलं, उघडंच ठेवून. मग लावलं, पाच मिनिटं. मग गाडीत ठेवून गंगापूर धरणापर्यंत, पुढे त्र्यंबकपर्यंत. आवाजाची सवय व्हावी म्हणून हे तिला क्रेटसकट ओझरच्या विमानतळाच्या बाजूला घेऊन जायचे. तिथून सुखोई हे लढाऊ विमान उडालं की आपल्या नाशिककरांच्याही छातीत धडधडतं. पहिल्यांदा ती थरथरली, नंतर नंतर मान वर करून परत पंजांवर ठेवायला लागली. झोपेचं औषध द्यायचं का, असं पुष्कळ जण विचारतात. देऊ नये. उंचीवर त्याने श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो, आणि गुंगीतलं कुत्रं विमान कंपन्या घेत नाहीत. सवयीला पर्याय नाही.

आमचे व्हिसा या काळात झाले. त्याबद्दल लिहिण्यासारखं विशेष नाही, सगळे करतात तसेच. एवढंच की चिकूच्या तारखा आधी पक्क्या केल्या आणि त्यावर आमची तिकिटं बसवली. तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला फोन करून त्या विमानात प्राण्याची जागा आहे का ते विचारून घ्यायचं, कारण एका उड्डाणात ठरावीकच क्रेट घेतात. थेट विमान घ्यायचं, मधे उतरून बदलायचं नको. मुंबई-फ्रँकफर्ट रात्रीचं निघतं, त्यामुळे धावपट्टीवरचा उकाडाही टळतो. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना, म्हणजे पग, बुलडॉग यांना, विमानाच्या पोटातून न्यायला बहुतेक कंपन्या नकार देतात, कारण त्यांचा श्वास मुळातच कोंडलेला असतो. माझ्या मैत्रिणीचा पग आहे. तिला मी स्पष्ट सांगितलं, त्याला नेऊ नकोस.

शेवटचा टप्पा आरोग्य प्रमाणपत्राचा, आणि इथे घड्याळ उलटं चालायला लागतं. केंद्र सरकारच्या ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसचं कार्यालय मुंबईत आहे. तिथल्या अधिकाऱ्याने कुत्रं तपासून युरोपच्या ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र द्यायचं. दिल्यापासून १० दिवसांच्या आत युरोपच्या दारात पोहोचलं पाहिजे. एकदा आत गेलं की तोच कागद पुढे चार महिने एका देशातून दुसऱ्या देशात फिरायला चालतो. गणपती उठले आणि आम्ही चिकूला गाडीत घालून निघालो. त्या पावसाळ्यात मुंबई-नाशिक महामार्गाची काय दशा होती ते आपल्याला सांगायला नको. कसारा घाट बरा, त्यानंतर खड्डेच खड्डे. चिकूने वाटेत एकदा ओकलं. त्या दिवशी सकाळी तिला उपाशी ठेवलं होतं म्हणून तेवढ्यावर भागलं.

अधिकाऱ्यांनी तिचं अंग चाचपलं, दात पाहिले, चिप वाचली, नंबर प्रयोगशाळेच्या मूळ कागदाशी आकडा न् आकडा ताडून पाहिला. प्रमाणपत्र इंग्रजीत आणि ज्या देशात उतरायचं त्या देशाच्या भाषेत, म्हणजे आमचं जर्मनमध्येही. त्यात लागू नसलेली वाक्यं रेघ मारून खोडायची असतात, आणि सही छापील अक्षरांपेक्षा वेगळ्या रंगाची लागते. आमच्या कागदावर सही निळी होती. शिक्का प्रत्येक पानावर पडला का, हे यांनी तिथेच उभं राहून पान उलटून उलटून पाहिलं. असं बघायला संकोच करू नये. तिकडे विमानतळावर एखादं पान कोरं निघालं तर नाशिकहून काही करता येत नाही.

विमानतळावर क्रेट रिकामा करून यंत्रातून घालतात, कुत्र्याला आपण कडेवर किंवा पट्ट्याने धरून ठेवायचं. पाण्याची वाटी मी आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवली होती. बर्फ झालेलं पाणी सांडत नाही आणि हळूहळू वितळून तिला मिळत राहतं. आत माझी जुनी सुती साडी अंथरली. चिकूचं नाव, आमचा फोन आणि लेकीचा तिकडचा फोन क्रेटवर दोन ठिकाणी चिकटवला. दार लावल्यावर तिने जाळीतून नाक बाहेर काढलं. मी हात लावला, आणि कर्मचाऱ्याने गाडी ढकलत नेली. विमानात बसल्यावर मी हवाईसुंदरीला विचारलं, कुत्री चढली का? तिने आत फोन करून विचारून सांगितलं, "हो, चढली." हे विचारायचा हक्क आपल्याला आहे आणि तो वापरावा.

फ्रँकफर्टला कुत्रं बरोबर असेल तर कस्टमच्या लाल मार्गानेच जायचं. मोठ्या सामानाच्या दाराशी क्रेट आला तेव्हा चिकू उभी होती आणि शेपटी क्रेटच्या भिंतींवर आपटत होती. चिप पुन्हा वाचली, कागद पाहिले, आणि एवढ्या महिन्यांची मेहनत थोडक्या वेळात पार पडली. बाहेर आल्यावर लेकीला बघून ती जी ओरडली, ती सगळ्या विमानतळाने ऐकली असेल. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. युरोपात बाहेरून मांस आणि दूध यांचे पदार्थ नेता येत नाहीत आणि हा नियम कुत्र्याच्या खाण्यालाही लागतो. चिकनच्या कांड्या, सुकवलेलं मटण बॅगेत घालू नका. तिकडे सगळं मिळतं. दहीभात तर लेकीकडे पहिल्याच दिवशी झाला.

पुढचे दिवस आम्ही जावयाच्या गाडीने फिरलो. म्युनिकहून साल्झबुर्ग, मग इन्सब्रुक, ब्रेनर खिंड ओलांडून इटलीत बोल्झानो आणि गार्डा सरोवर. जर्मनीत वाहतुकीच्या नियमांत गाडीतलं जनावर हे बांधून ठेवायचं सामान धरतात, त्यामुळे ती क्रेटमध्ये किंवा पट्ट्याने अडकवलेलीच हवी, मांडीवर नाही. म्युनिकच्या मेट्रोत माणसामागे एक कुत्रा फुकट. जर्मन रेल्वेत मांजरापेक्षा मोठ्या कुत्र्याचं अर्धं तिकीट काढावं लागतं आणि तोंडाला मुसकं. ऑस्ट्रियातही रेल्वेत मुसकं सक्तीचं. इटलीत दीड मीटरपेक्षा लांब पट्टा चालत नाही आणि मुसकं जवळ बाळगावं लागतं. मुसक्याचीही सवय आम्ही नाशकातच केली होती, आत दह्याचं बोट लावून. ती सवय नसती तर आल्प्समधल्या रोपवेत तिला नेणं अवघड झालं असतं.

तिथल्या कुत्र्यांचं वागणं पाहून मी थक्क झाले. हॉटेलात टेबलाखाली गाढ झोपलेली, वेटर आपणहून पाण्याची वाटी आणून ठेवतो, लहान मुलंही हात लावण्याआधी विचारतात. आपल्याकडे कुत्रा दिसला की एक तर दगड, नाही तर बिस्किट. तिथे त्याला एकटं सोडतात, आणि म्हणूनच तो शांत असतो असं मला वाटलं. चिकूला पट्ट्याशी जुळवून घ्यायला आठवडा गेला. पण म्युनिकमधल्या एंग्लिशर गार्टन या बागेच्या हिरवळीवर तिला मोकळं सोडलं तेव्हा ती अशी धावली, की आमच्या कॉलनीत ती कधी नीट धावलीच नव्हती हे मला त्या दिवशी कळलं.

एका गोष्टीने मात्र पाचावर धारण बसली. इन्सब्रुकजवळ कुरणातून पायवाट जात होती आणि पलीकडे वासरांसह गाई चरत होत्या. चिकू पंचवटीत, गोदाघाटावर गाईंमध्ये फिरलेली. तिने ढुंकूनही पाहिलं नाही. पण त्या गाईंनी माना उंचावल्या आणि दोघी-तिघी आमच्याकडे चालत यायला लागल्या. तिकडच्या गाईला कुत्रा म्हणजे लांडगा, वासरावर आलेलं संकट. याच भागात, पिनिस नावाच्या दरीत, २०१४ साली कुत्रा बरोबर असलेल्या एका पर्यटक बाईचा गाईंच्या हल्ल्यात जीव गेला. त्यानंतर कुरणांपाशी पाट्या लागल्या. कुत्रा आखूड पट्ट्यावर ठेवा, कळपाला लांबून वळसा घाला, आणि गाय अंगावर आलीच तर पट्टा सोडून द्या, कुत्रा पळून वाचतो. जावई एवढंच म्हणाले, "आई, पट्टा माझ्याकडे द्या आणि माझ्यामागून चाला." आम्ही कुंपणाबाहेरून उतार उतरलो. त्या गाई कुंपणापर्यंत आल्या आणि थांबल्या.

दिवाळी आमची म्युनिकला झाली. चिकूच्या आयुष्यातली फटाक्यांविना ही पहिली दिवाळी. कपाटामागे न लपता ती फराळाच्या ताटाशेजारी बसली होती, आणि नुसत्या एवढ्यासाठीसुद्धा सगळी धडपड सार्थकी लागली असं मला वाटलं.

परतीचा विचार जातानाच करायचा असतो. भारतात आणतानाही क्वारंटाइन कार्यालयाची ना हरकत आधी काढावी लागते. तिकडच्या सरकारी पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि रेबीजची लस एक महिन्यापेक्षा जुनी पण बारा महिन्यांच्या आतली असावी लागते. आपण नेतानाचे सगळे कागद, मूळ प्रती, जपून ठेवायचे, कारण हेच कुत्रं भारतातून गेलं होतं याचा पुरावा तोच. उतरायचं तेही मुंबई, दिल्लीसारख्या ठरलेल्या विमानतळांवरच. कागदांत खोट निघाली तर कुत्र्याला ३० दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. मुंबईत डॉक्टरांनी चिकूला तपासलं, कागद ठीक होते, आणि पहाटे आम्ही नाशिकच्या रस्त्याला लागलो.

खर्चाचं विचाराल तर चिकूचं सगळं मिळून एका माणसाच्या विमानाच्या तिकिटाहून जास्त झालं. दहा दिवसांच्या टूरसाठी मी कुणालाही हे कर म्हणणार नाही. म्हाताऱ्या, आजारी किंवा गाडीत बसल्यावर घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी तर नाहीच. त्यांच्यासाठी घरी राहायला येणारं ओळखीचं माणूस शोधावं.

रक्ताची ती तपासणी मात्र पुन्हा करावी लागत नाही, फक्त पुढची प्रत्येक लस आधीची संपायच्या आत दिली पाहिजे. एक दिवस जरी उशीर झाला तरी पहिल्यापासून सगळं. म्हणून चिकूची पुढची लस आम्ही जानेवारीतच उरकली. आता लेकीला नॉर्वे बघायचंय. तिथे शिरताना कुत्र्याला टेपवर्मचं, म्हणजे पोटातल्या चपट्या जंतांवरचं, औषध पोहोचण्याच्या २४ ते १२० तास आधी डॉक्टरांकडूनच द्यावं लागतं आणि तशी नोंद लागते. जावयांनी म्युनिकच्या डॉक्टरांना विचारून ठेवलंय. त्यांचं म्हणणं, सरळ उत्तरेला न जाता आधी म्युनिकला चार दिवस थांबा, म्हणजे औषधही तिथेच होईल.